स्ट्रायकरचा कोच कसा होतो?

फुटबॉलच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू नव्वद मिनिटांपैकी जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल करायला सर्वांत पुढे खेळणाऱ्याच्या, वाट्याला बहुधा त्याहूनही कमी. बाकीचा वेळ तो चेंडूविना धावतो, थबकतो, मान वळवून मागे बघतो, बचावपटूला भलतीकडे ओढून नेतो. प्रेक्षकाला यातले काहीच दिसत नाही, दिसतो तो गोल. म्हणूनच भुसावळचे रेल्वेचे मैदान असो की धुळ्याचे गरुड मैदान, पालक कोचला सांगतात, "भो, आमचा पोऱ्या लई जोरात मारतो, त्याला पुढे खेळवा." जोरात मारणे हा स्ट्रायकरच्या कामाचा अगदी लहान तुकडा आहे. पुढे तोच पोऱ्या तिशी ओलांडून कोच व्हायला निघतो, तेव्हा इतकी वर्षे कुणाला न दिसलेले आणि त्याने स्वतःही कधी बोलून न दाखवलेले काम त्याला शब्दांत सांगावे लागते. चांगले चांगले स्ट्रायकर अडतात ते इथे. त्यांना खेळ कळत नाही असे नाही, पण शरीराने जे शिकले ते जिभेवर येत नाही.

तेव्हा आधी ते न दिसणारे काम समजून घेऊ.

डीमधले काम

गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. तिच्यासमोरचा मोठा आयत, ज्याला आपल्याकडे सगळे 'डी' म्हणतात, १६.५ मीटर खोल आणि ४०.३२ मीटर रुंद असतो. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर. बहुतेक गोल या ठिपक्याच्या मागेपुढे, साधारण दोन खांबांच्या सरळ रेषेतल्या पट्ट्यातून होतात. विश्लेषक हल्ली प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता लावतात. ढोबळमानाने पेनल्टी चारपैकी तीन वेळा आत जाते. ठिपक्याच्या अलीकडून, समोर एकटा गोलकीपर असताना पायाने मारलेला फटका तीनांतून एकदा जातो. २५ मीटरवरून मारलेला शंभरात तीन-चार वेळा. म्हणजे लांबून दहा तोफगोळे सोडणाऱ्यापेक्षा सामन्यात दोनदा योग्य जागी सापडणारा स्ट्रायकर संघाला जास्त उपयोगी.

योग्य जागी सापडायचे कसे? बचावपटूला एका वेळी चेंडू आणि माणूस दोन्ही बघता येत नाहीत, यावर सगळा डाव उभा असतो. चेंडू उजव्या बगलेवर असेल तर बचावपटूची मान उजवीकडे वळते. स्ट्रायकर त्याच्या डाव्या खांद्यामागे, दीड-दोन मीटरवर उभा राहतो. बचावपटूला त्याला शोधण्यासाठी मान फिरवावीच लागते, आणि तो मान फिरवतो त्याच क्षणी स्ट्रायकर निघतो. दुसरी युक्ती दुहेरी धावेची. आधी दूरच्या खांबाकडे दोन-तीन खरी पावले टाकायची. बचावपटूची कंबर तिकडे वळली की झटकन जवळच्या खांबाकडे कापायचे. खरी पावले असे मुद्दाम म्हटले, कारण नवखा खेळाडू नुसता खांदा हलवतो आणि त्याला कुणी फसत नाही. बचावपटूची कंबर वळायला हवी. वळलेली कंबर परत फिरवायला त्याला एक पाऊल जास्त लागते, आणि डीमध्ये एक पाऊल पुष्कळ झाले.

धाव कधी सुरू करायची हे त्याहून अवघड. पास देणाऱ्याच्या पायातून चेंडू सुटला आणि मग धावलो, तर उशीर. फार आधी धावलो तर ऑफसाइड, म्हणजे नियमापेक्षा पुढे सापडलो. १९२५ पर्यंत स्ट्रायकर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, त्या वर्षी ती संख्या दोनवर आली. १९९० पासून शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असणेही चालते. मोजतात ते पास सुटण्याच्या क्षणी, चेंडू पोहोचण्याच्या क्षणी नव्हे. आणि हात-दंड मोजत नाहीत. म्हणून अनुभवी स्ट्रायकर सरळ गोलकडे पळत नाही. आधी बचावपटूंच्या रेषेला समांतर पळतो आणि साथीदाराने मान वर करून शेवटचा स्पर्श केला की वाक घेऊन आत शिरतो. वेग तोच राहतो, आणि ऑफसाइडचा झेंडा वर जात नाही.

मग फटका. आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, बोटे जिकडे मारायचे तिकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, गुडघा चेंडूच्या वर, छाती किंचित पुढे झुकलेली. चेंडू क्रॉसबारवरून जातो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, की आधाराचा पाय चेंडूच्या मागे राहिला आणि अंग मागे कलले. "जोर कमी कर" असे ओरडून हा दोष जात नाही. आधाराचा पाय पुढे आणायला सांगावा लागतो. डीच्या आत जोरापेक्षा दिशा महत्त्वाची, आणि पायाच्या आतल्या बाजूने, गोलकीपरच्या पलीकडच्या खांबाकडे ठेवलेला चेंडू आत गेला नाही तरी गोलकीपरच्या हातून निसटून दुसऱ्या साथीदाराला सापडू शकतो.

पाठ गोलकडे असताना चेंडू घेणे हा वेगळा धडा आहे. चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून पाहायचे, गुडघे वाकवून कंबर खाली आणायची, अंग आडवे ठेवायचे, दंडाने बचावपटू कुठे आहे ते जाणायचे (ढकलायचे नाही, फाऊल मिळतो), आणि बचावपटूपासून लांबच्या पायाने चेंडू अडवायचा. एकट्या पुढच्या खेळाडूला हे जमत नसेल तर संघाने मारलेला प्रत्येक लांब चेंडू परत आपल्याच गोलकडे येतो.

खान्देशातून निघणारी वाट

आपल्याकडे अडचण मैदानापासूनच सुरू होते. तापीकाठची काळी कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. शालेय सुब्रतो कपच्या तालुका-जिल्हा फेऱ्या बहुधा जुलै-ऑगस्टच्या पावसातच येतात. चिखलात जमिनीवरचा पास तीन मीटरवर मरतो, म्हणून संघ 'उचला आणि पळा' असा खेळ खेळतात आणि त्याच बळावर जिल्हा जिंकतात. तोच संघ नाशिक विभागातून पुढे राज्य फेरीत चांगल्या गवतावर किंवा टर्फवर गेला, की समोरचे छोटे छोटे पास खेळतात आणि आपली पोरे चेंडूमागे धावून दमतात. सातपुड्याच्या पायथ्याची, अक्कलकुवा-धडगावकडची मुले दमाने कुणाला हार जाणारी नाहीत. कमी पडतो तो पहिला ताबा. त्याला उपाय साधा आहे. मैदान कसेही असो, आठवड्यातून दोन दिवस सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर किंवा शाळेच्या पटांगणातल्या फरशीवर, साध्या बुटांत, चार विरुद्ध चार खेळवावे. गुळगुळीत जागेवर चेंडू वेगाने येतो आणि पहिला स्पर्श सुधारल्याशिवाय गत्यंतर नसते.

चेंडूचा आकारही पाळावा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा, घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर. त्यापुढे पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. दहा वर्षांच्या पोराला पाच नंबर दिला की तो टोच्याने मारायला शिकतो, आणि ती खोड पुढे सुटत नाही. हेडरबद्दलही, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबद्दलही, जपायला हवे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला, इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावातून काढला. आपणही लहान वयात तो टाळलेला बरा.

बाराव्या वर्षापासून कागदपत्रे महत्त्वाची होतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांतली तारीख एकच हवी. वयोगटाच्या मोठ्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात, आणि खोटे वय तिथे उघडे पडते. महाराष्ट्रात खेळाचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, पाहते. खेळाडूची नोंद अखिल भारतीय महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत होते. तालुक्यातल्या छोट्या क्लबांनी ही नोंद टाळू नये. फिफाच्या नियमांनुसार एखादा खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंद नसेल तर चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या क्लबाने त्याला पाच वर्षे शिकवले हे सिद्ध कसे करणार?

पुढची पायरी क्रीडा प्रबोधिनीची. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतल्या प्रबोधिनीतून घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. ज्यांना ती संधी मिळत नाही त्यांच्यासाठी विद्यापीठाचा संघ खरा दरवाजा आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे येतात, आणि पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत चांगला खेळलेला मुलगा मोठ्या संघांच्या नजरेत येऊ शकतो. रेल्वे, सेनादल, पोलीस यांची खेळाडू भरती आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतले ५ टक्के खेळाडू आरक्षण ही सुद्धा खरी वाट आहे. तिला कमी लेखू नये.

व्यावसायिक करार बहुधा एक ते तीन वर्षांचे असतात, आणि स्ट्रायकरचे मोल त्याच्या मागच्या हंगामाच्या गोलांवर ठरते. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून क्लब गोल करायला मुख्यतः परदेशी खेळाडू घेतात. भारतीय मुलगा बगलेवर सरकतो किंवा बाकावर बसतो. याचा परिणाम राष्ट्रीय संघावर किती झाला ते पाहा. जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, परत बोलवावे लागले. म्हणून अठरा-वीस वर्षांच्या स्ट्रायकरने बगलेवरचा खेळही शिकून ठेवावा. जागा बदलली तरी करार टिकतो.

शरीराचे गणित

स्ट्रायकरची उमेद साधारण २५ ते २८ मध्ये ऐन भरात असते आणि ३३-३५ ला बहुतेकांचे संपते. आधी जातो तो पहिल्या पाच मीटरचा झटका. दम त्यानंतरही बरीच वर्षे टिकतो. मांडीमागचा स्नायू, जांघ, घोटा आणि गुडघ्याचा अस्थिबंध ही चार दुखणी कारकीर्द कापतात. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला साधारण नऊ महिने धरावेत. सहाव्या महिन्यात बरे वाटते म्हणून उतरणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याची भीती असते. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक, त्यामुळे मुलींच्या संघाला उडी मारून गुडघे वाकवत, पण आतल्या बाजूला झुकू न देता, उतरण्याचा सराव पहिल्या दिवसापासून हवा.

फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप यावर चांगला उपाय आहे. एकूण १५ व्यायाम, २० मिनिटे: ८ मिनिटे हळू धावणे, १० मिनिटे ताकद-तोल-उड्या, २ मिनिटे वेगाने धावणे. आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केला तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. नेमाने हा शब्द महत्त्वाचा. मधली दहा मिनिटे कंटाळवाणी असतात म्हणून कोच ती गाळतात, आणि उपयोग नेमका त्यांचाच असतो.

भेगांच्या मैदानावर घोटे मुरगळतात. मार्च-एप्रिलमध्ये गोलसमोरच्या पट्ट्यात तरी भेगा बारीक मुरूम-मातीने भरून, पाणी मारून, ओल जिरल्यावर रूळ फिरवावा. ओल्यावर लगेच फिरवला तर माती रुळालाच चिकटून येते.

उन्हाचा हिशेब वेगळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सराव सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर सूर्य कलल्यावर. सरावाआधी आणि नंतर घाम पुसून वजन करावे. ५० किलोच्या मुलाचे एक किलो घटले म्हणजे शरीराचे २ टक्के पाणी गेले, आणि तिथून पुढे वेग आणि विचार दोन्ही मंदावतात. गेलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. घरचे पेय करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर उलटी होते. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात किंवा पोळी, पाऊण तास आधी एक केळ. शेवभाजी आणि तेलाची तर्री असलेले भरीत सामन्यानंतर. तेल पोटात रेंगाळते आणि पळताना जड पडते.

बूट काढल्यावर

आता कोचकडे. खेळाडू म्हणून मोठा होता म्हणून कोच म्हणून मोठा होईल, हे गृहीत धरल्याची किंमत मोठमोठ्या क्लबांनी मोजली आहे. प्रीमियर लीगमध्ये २६० गोल करणाऱ्या अ‍ॅलन शियररला २००९ मध्ये न्यूकॅसल वाचवायला बोलावले. ८ सामन्यांत १ विजय, आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. फ्रान्सचा मोठा स्ट्रायकर थिएरी ऑन्री याला मोनॅको क्लबने ऑक्टोबर २०१८ मध्ये घेतले आणि जानेवारी २०१९ मध्ये काढले. २० सामन्यांत ४ विजय. हाच ऑन्री पुढे फ्रान्सच्या तरुण संघाला घेऊन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकापर्यंत पोहोचला. मधली वर्षे तो शिकत होता.

उलट बाजूची नावे पाहा. ब्रायन क्लफने इंग्लिश लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले होते. २६ डिसेंबर १९६२ ला त्याचा गुडघा गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. संडरलंडच्या तरुण पोरांना शिकवत तो नव्याने सुरू झाला, ३० व्या वर्षी हार्टलपूल्ससारख्या तळाच्या क्लबाचा व्यवस्थापक झाला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ व १९८० असे दोनदा युरोपियन कप जिंकून दिले. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनही स्ट्रायकरच. खेळत असतानाच त्याने स्कॉटलंडच्या लार्ग्सच्या शिबिरात कोचिंगचे शिक्षण घेतले, आणि १९७४ मध्ये ३२ व्या वर्षी ईस्ट स्टर्लिंगशर हाती घेतले तेव्हा त्या क्लबात मोजके आठ खेळाडू होते, गोलकीपर एकही नव्हता. मँचेस्टर युनायटेडचा ओले गुन्नार सोल्शायर बाकावर बसून समोरच्या बचावपटूंच्या चुका टिपत असे. पुढे मोल्डे क्लबला त्याने २०११ आणि २०१२ ची नॉर्वेची लीग जिंकून दिली. या तिघांत समान काय? मोठ्या क्लबाची खुर्ची मिळण्याआधी सगळ्यांनी लहान जागी शिकवून पाहिले, आणि दोघांनी तर खेळत असतानाच दुसरा डोळा उघडा ठेवला.

आपल्याकडचे सगळ्यात मोठे उदाहरण रेल्वेचेच आहे, भुसावळकरांनी अभिमानाने सांगावे असे. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पी. के., आघाडीच्या फळीतले खेळाडू. मोहन बागान-ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या बड्या क्लबांच्या काळात ते इस्टर्न रेल्वेकडून खेळत राहिले आणि १९५८ मध्ये त्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते, फ्रान्सविरुद्ध गोल त्यांचाच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले, त्यातला एक गोल त्यांचा. कोच म्हणून ईस्ट बंगालला त्यांनी १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० असा विजय मिळवून दिला, आणि पुढे मोहन बागानही सांभाळले. खेळाडूंशी बोलून त्यांना पेटवण्याची त्यांची हातोटी 'व्होकल टॉनिक' नावाने ओळखली जाई. शब्द कमावलेला स्ट्रायकर, असे त्यांचे वर्णन करता येईल. हैदराबादचे शब्बीर अली यांचेही नाव घ्यायला हवे. १९७४ मध्ये आशियाई युवा विजेतेपद इराणसोबत वाटून घेणाऱ्या संघाचे ते कर्णधार, आणि १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या साळगावकर क्लबचे कोच.

कोचिंगच्या परवान्यांची शिडी अशी: महासंघाचे ई आणि डी, मग आशियाई महासंघाच्या मान्यतेचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी काही दिवसांत होतो, प्रो अनेक टप्प्यांत पसरलेला असतो. वरच्या पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव मागतात, म्हणून घाईने सगळे उरकता येत नाही. सुपर लीगमध्ये मुख्य कोच व्हायला प्रो लागतो. शाळा किंवा क्लबात सुरुवात करायला डी पुरतो. सरकारी कोचच्या जागांसाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका उपयोगी पडते. विफाचे कोर्स बहुधा मुंबई-पुण्याकडे होतात, तेव्हा जळगावच्या माणसाने फीसोबत राहण्या-जेवण्याचा खर्चही आधी धरावा.

परीक्षेत लेखी भाग असतो, पण निकाल लागतो मैदानावर. डझनभर-दीड डझन खेळाडू, ठरवून दिलेला विषय, आणि मागे परीक्षक. जुने स्ट्रायकर इथे दोन ठिकाणी घसरतात. विषय बचावाचा आला की बोलती बंद होते, कारण वीस वर्षे त्यांनी बचावाकडे फक्त फसवण्यासाठी पाहिलेले असते. दुसरे, खेळ थांबवून सांगायची वेळ आली की ते स्वतः चेंडू घेऊन करून दाखवतात. पोरे बघत बसतात, टाळ्या वाजवतात, शिकत काहीच नाहीत. प्रात्यक्षिक दहा सेकंदांचे असावे आणि शक्यतो एखाद्या मुलाकडूनच करवून घ्यावे. एका थांब्यात एकच मुद्दा सांगावा.

एक सराव, तपशिलात

आपल्या मैदानांवर शूटिंगचा सराव असा दिसतो: बारा मुलांची रांग, एक गोल, एक चेंडू, कोच पास देतो, मुलगा मारतो, चेंडू आणायला पळतो. वीस मिनिटांत प्रत्येकाला सहा-सात फटके मिळतात, तेही समोर कुणी नसताना. सामन्यात त्याला एक सेकंद मिळतो आणि मागे बचावपटूचा श्वास लागतो. म्हणून रविवारच्या सामन्यात गोल होत नाहीत.

त्याऐवजी हे करावे. दोन गोल, एक कायमचा, दुसरा बांबूचा. सहा-सहा मुलांचे दोन गट, प्रत्येक गटाला चार चेंडू. डीच्या आत २० बाय १६ मीटरची चौकट आखावी. एक मुलगा गोलरेषेजवळ बगलेला, मागे पास देण्यासाठी. दोन आक्रमक डीच्या कडेला, त्यांच्या दोन मीटर मागे एक बचावपटू, एक गोलकीपर, सहावा चेंडू गोळा करतो. बगलेचा मुलगा चेंडू पुढे ढकलून मान वर करतो, तोच निघण्याचा इशारा. एक आक्रमक जवळच्या खांबाकडे, दुसरा पेनल्टीच्या ठिपक्याकडे थोडा उशिराने. पास जमिनीवरून मागे. फटका एकाच स्पर्शात. पाच वेळा झाले की जागा बदलायच्या. पहिल्या फेरीत बचावपटूने नुसते धावावे, दुसरीपासून खरा अडवावा.

काय बिघडते? दोघे आक्रमक एकाच वेळी, एकाच जागी पोहोचतात. मग दुसऱ्याला "थांब" न सांगता विचारावे, "पहिला बचावपटूला घेऊन गेला, तर रिकामी जागा कुठे?" उत्तर त्याच्याच तोंडून आले की पुढच्या वेळी पाय आपोआप उशिरा निघतात. दुसरा बिघाड: बगलेचा मुलगा उंच क्रॉस मारतो. त्याला दोषी धरू नये, बहुधा तो मान वर न करता मारत असतो. तिसरा: फटक्यांची संख्या. एका सरावात जोराचे २५-३० फटके पुरे. जांघ आखडली की पुढचे चार दिवस पोरगा लंगडतो. हे ३० मिनिटे, मग २५-३० मिनिटे ३० बाय २५ मीटरवर चार विरुद्ध चार, आणि त्यात नियम एकच, पास गोलरेषेकडून मागे आला आणि एका स्पर्शात मारला तर गोल दुप्पट. आधीचे २० मिनिटे इलेव्हन प्लस धरले तर सगळे मिळून दीड तासात बसते, मधे दोनदा पाणी पिऊनही.

सामन्याच्या दिवशी मोबाइल मध्यरेषेजवळ, तीन मीटर उंच बांबूला बांधून ठेवावा. खाली धरून काढलेल्या चित्रणात सगळे एका रेषेत दिसतात आणि जागा कळत नाहीत. नंतर वहीत डीचे चित्र काढून प्रत्येक फटक्याचा ठिपका मांडावा, आत गेला तर भरीव, नाही तर पोकळ. शेजारी तीन रकाने: चेंडू कुणी दिला, किती स्पर्शांत मारला, बचावपटू किती जवळ होता. चौदांपैकी अकरा ठिपके डीबाहेर पडले असतील तर पुढच्या आठवड्यात शूटिंग शिकवू नका, डीमध्ये शिरणे शिकवा. ही वही खेळाडूने खेळत असतानाच, विसाव्या-बाविसाव्या वर्षी, स्वतःच्या फटक्यांची मांडायला घ्यावी. पंचवीस सामन्यांनंतर आपण कुठून गोल करतो हे त्याला दिसते, आणि का करतो हे लिहून काढायला तो बसतो.